गॉर्डन हॉल आणि ओस दिसणारे शेत

रेवदंडा, चौल व अलिबाग या बाजूच्या गावांत मुंबईच्या अमेरिकन मिशनाने सुमारे दोन शतकांपूर्वी मराठी शाळा चालविल्या. त्या कामाच्या आरंभीच्या माणसांत गॉर्डन हॉल हे प्रमुख होत. ज्या आमच्या उपदेशक बंधूंना वर्षानुवर्षे गावोगाव फिरूनही एखादे घरसुद्धा प्रभूकडे वळलेले दिसत नाही, त्यांच्यासाठी हे चरित्र आम्ही लिहीत आहो.

हॉल यांचा जन्म 1784 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. 1812 साली सेलेम येथे पाच तरुणांना दीक्षा मिळाली, त्यांत ते एक होते. कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्यास सांगितले. तेथून सोबती सॅम्युएल नॉट यांसह ते 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस आले, तर तेथेही तोच हुकूम पुढे उभा. दोघे गलबताने कोचीनपर्यंत गेले आणि तेथून परत आणले गेले. अखेर हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्र लिहून त्यांच्या सदसद्विवेकाला आवाहन केले, आणि सामान बांधून निघण्याच्या घटकेस राहण्याची परवानगी मिळाली. सामान सोडले ते कायमचेच.

तरी पुढील दिवस सुखाचे होते असे कोणी समजू नये. प्रकृती बिघडल्यामुळे नॉट 1815 साली परत गेले. दुसरे सोबती न्यूएल 1821 साली महामारीने वारले. हॉल मराठी शिकले, बाजारात व देवळांच्या आवारात उभे राहून बोलू लागले; लोक ऐकत, वाद घालीत, निघून जात. 1819 साली कादिर यार खान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला, पण ती गोष्ट तेवढ्यापुरतीच राहिली. तेरा वर्षांच्या श्रमाचे फळ मोजावयास बोटेही जास्त झाली असती.

मग देवाची काळजी कोठे दिसली? आम्हांस ती मोठ्या चमत्कारात दिसत नाही. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी भाकर व झोप दिली, कामगिरी नंतर सांगितली. हॉल यांनाही दिवसाच्या कामापुरते बळ मिळत गेले. किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांत त्यांच्या मिशनाला मराठी शाळांसाठी पंतोजी मिळाले, आणि मुलांना वाचावयास येऊ लागले. छापखाना आला, मराठी पुस्तके निघू लागली. निराश माणसाला इतकी शिदोरी थोडी वाटते, आणि ती थोडी वाटते म्हणूनच तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही.

1825 साली मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. एक मूल समुद्रातच गेले. हॉल मात्र मागेच राहिले. हा निर्णय बरोबर होता की नाही, हे ठरविणे आमच्याकडे नाही. पण तो सोपा नव्हता, हे कोणत्याही बापाला कळेल.

1826 च्या मार्चात ते नाशिकाकडे दौऱ्यावर गेले. तिकडे पटकीने माणसे पटापट मरत होती. जवळची बहुतेक औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका गावी देवळाच्या ओसरीवर ते उतरले असता त्याच रोगाने त्यांना गाठले, आणि 20 मार्च रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, काही तासांतच त्यांचा अंत झाला. सोबत दोन ख्रिस्ती तरुण होते, दुसरे कोणी नव्हते.

त्याच 1826 साली मिशनाच्या छापखान्यात मराठी नवा करार छापून पुरा झाला. पाच वर्षांनी, 1831 साली, अहमदनगरास ठाणे घातले गेले, आणि हॉल यांनी कधी न पाहिलेल्या त्या खेड्यांत पुढे मंडळ्या उभ्या राहिल्या. मार्गारेटबाईंना पतीच्या मरणाची बातमी जहाजाने पोहोचण्यास महिने लागले. त्यांच्याबरोबर वाचलेला धाकटा मुलगा, ज्याचे नावही गॉर्डनच होते, तो मोठा होऊन नॉर्थॅम्प्टन गावी मंडळीचा पाळक झाला.