गांधीजींची यंत्रं आणि आपला 'वॉटरप्रूफ' फोन

सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी थेट संपर्क ठेवता यावा म्हणून सरकारने तो बसवून दिला होता. मातीच्या घरात फोन! यंत्रविरोधी म्हणून आपण ज्यांना शाळेत पाठ केलं, त्यांच्याकडे 'युजर' म्हणून पाहिलं की चित्र बरंच बदलतं.

१८६९ साली पोरबंदरला जन्म, लंडनला बॅरिस्टरी, मग दोन दशकं दक्षिण आफ्रिका. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी यंत्रांवर सडकून टीका केली खरी, पण पुढे शिवणयंत्राला मात्र त्यांनी उपयोगी म्हटलं. १९१५ ला भारतात परतल्यावर चरखा शोधला आणि तो सुधारण्याच्या मागेच लागले.

आम्हा इंजिनिअर मंडळींनी वाचावी अशी गोष्ट १९२९ ची आहे. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी तब्बल १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी बघा: किंमत १५० रुपयांच्या आत, यंत्र हलकं, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालणारं. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान २० वर्षं चाललं पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे दुरुस्ती हा स्पेसिफिकेशनचाच भाग! बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

आता आपल्या फोनला ही अट लावून बघा. आयपी६८ म्हणजे धूळ पूर्ण बंद, आणि कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंत, तेवढा वेळ पाण्यात टिकाव. ही चाचणी नव्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होते. पाणी अडवतात ते रबरी सील आणि मागच्या काचेखालचा गोंद, आणि दोन्ही वयाबरोबर थकतात. माझा दोन वर्षांचा 'आयपी६८' फोन वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरच्या एका पावसात गेला. आतली पट्टी लाल झाली होती, म्हणजे वॉरंटी संपली. बॅटरी बदलायची तरी काच तापवून गोंद सोडवा, नवा गोंद लावा. सील पहिल्यासारखं बसलं की नाही ते मात्र पुढच्या पावसातच कळणार.

पाणी अडवूच नये असं मी म्हणत नाही. विदर्भातल्या पावसात शेतावर फोन नेणाऱ्याला त्याची गरज आहेच. पण २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ ला आयपी६७ होतं आणि मागचं झाकण नखाने उघडून बॅटरीही काढता यायची. म्हणजे दोन्ही एकत्र जमतं. सील बदलता येईल असं हवं, आणि ते गावातल्या दुकानातही मिळायला हवं.

१९३६ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० ला सेवाग्राम झालं. घरं बांधली ती आसपासच्या माती, बांबू, कौलांची. अशा भिंतींना पाऊस सोसत नाही. त्यावर इथला इलाज म्हणजे शिंदीच्या पानांच्या झांज्या भिंतींना बाहेरून बांधणं. झिजल्या की काढायच्या, नव्या लावायच्या.

ऑगस्ट १९४६ ला गांधीजी इथून गेले ते परतले नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांची हत्या झाली. बापू कुटी मात्र अजून उभी आहे. पावसाळ्याआधी गेलात तर झांज्या बांधण्याचं काम चाललेलं दिसेल.