गायतोंडे यांचा रंग, प्रकाश आणि मोलाचा प्रश्न

चित्रकाराचे नाव सामान्य वाचकाच्या कानी बहुधा दोनच प्रसंगी पडते. एक निधनाच्या बातमीत आणि दुसरे लिलावाच्या बातमीत. वासुदेव गायतोंडे यांच्या नावाचा बोलबाला झाला तो दुसऱ्या प्रकाराने. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. २०१५ मध्ये दुसऱ्या एका चित्राने २९ कोटींचा पल्ला ओलांडला. महाड-पोलादपूरकडील शिक्षकाला वा कारकुनाला हे आकडे वाचून अचंबा वाटला, तर त्यात नवल नाही. त्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घरही नाही. मग हे मोल कशाचे? त्याचे उत्तर लिलावापेक्षा गायतोंडे यांच्या आयुष्यक्रमात शोधणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा. कुटुंब मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. आरंभी त्यांच्या चित्रांत माणसे होती. भारतीय लघुचित्रांतील सपाट, तेजस्वी रंग आणि पाश्चात्त्य चित्रकार पॉल क्ले याची रेषा यांचा संस्कार त्यांच्यावर होता. पुढे आकृती क्रमाक्रमाने विरत गेली आणि रंगच चित्राचा विषय झाला. १९५७ साली टोकियोतील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणे त्यांना मान्य नव्हते; जी चित्रे मुळात कोणत्याही वस्तूपासून निघालेली नाहीत, त्यांना ते वस्तुनिरपेक्ष मानीत.

१९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. परतल्यावर झेन विचाराची ओढ आणि एकांताची आवड अधिकच दृढ झाली. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये त्यांनी मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीन भागात बिऱ्हाड केले. तेथे ते अविवाहित, मितभाषी आणि जवळजवळ विरक्त आयुष्य जगले.

त्यांची कार्यपद्धती समजून घेतल्यावाचून चित्र कळणे कठीण. कुंचल्यापेक्षा रूळ आणि सुरी ही त्यांची मुख्य हत्यारे. रंगाचा एक थर द्यावा, तो वाळू द्यावा, त्यावर दुसरा द्यावा, मग काही भाग खरवडून वा टिपून काढावा. कधी कागदाचे फाटके तुकडे रंगावर दाबून उचलावेत. अशा रीतीने पृष्ठभागाला पोत येतो आणि खालचा रंग वरच्या रंगातून उजळतो. त्यामुळे प्रकाश बाहेरून पडल्यासारखा न वाटता आतून पाझरल्यासारखा वाटतो. या रीतीने वर्षाकाठी पाच-सहा चित्रेच होत. उरलेला काळ चिंतनाचा. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास अशक्य झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली आणि कालांतराने ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्राचा साधा नियम येथे उघड दिसतो. मुळात पुरवठा तुटपुंजा, मृत्यूने तो कायमचा गोठलेला आणि मागणी वाढती. तेव्हा किंमत चढणारच. परंतु हा आकडा ग्राहकांच्या चढाओढीचे माप आहे, चित्राच्या गुणाचे नव्हे. २०१३ च्या लिलावापूर्वी बारा वर्षे ज्याचे निधन झाले, त्याला त्यातील एक पैही मिळणे शक्य नव्हते. शिवाय कोट्यवधींचे चित्र खाजगी संग्रहात गेले की, सर्वसामान्यांच्या नजरेपासून ते दुरावते. वस्तूची किंमत वाढावी आणि तिचा उपभोग घेणारे घटावेत, हा समाजाचा तोटाच होय.

महाड-पोलादपूरच्या शाळांतील मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द त्यांना पाठ असतात. परंतु थोर चित्रकाराचे मूळ चित्र पाहायचे तर त्यांनी मुंबई-दिल्लीची संग्रहालये गाठावी लागतात. शासनाने निदान उत्तम प्रतिकृतींचे फिरते प्रदर्शन तालुक्याच्या गावी आणावे, ही मागणी अवास्तव नाही.

तोवर पाहण्याची सवय गावातच लावता येईल. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत उन्हातून शिरले की आरंभी केवळ काळोख दिसतो. थोडा वेळ स्वस्थ उभे राहिले की त्याच काळोखातून खांब, भिंती आणि दगडावरच्या छिन्नीच्या खुणा उमटू लागतात. गायतोंडे यांचे चित्रही असाच वेळ मागते. शिक्षकांनी एका तासिकेतील दहा मिनिटे मुलांना एकाच चित्रासमोर किंवा अशा एखाद्या भिंतीसमोर निमूट बसवावे. त्यासाठी कोट्यवधींची गरज नाही.