पक्ष्यांचे कप्पे उघडणारे सालिम अली

मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने विसाव्या शतकाच्या आरंभी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे मामा अमिरुद्दीन तय्यबजींनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. सचिव मिलार्ड यांनी जतन केलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखविले आणि १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेल्या सालिम अलींच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९२६ च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. आता शाळकरी मुलांना पक्ष्यांची ओळख करून देण्याची पाळी त्यांची होती. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून परतले, तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेले! मग किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन पडले.

भरतपूरच्या केवलादेव पाणथळीशी मात्र त्यांचे नाते सर्वांत गहिरे. हे संस्थानिकांचे शिकारीचे तळे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशीच, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा अलींनी नेहरूंपर्यंत धाव घेऊन ते वाचविले. पुढे सोसायटीने तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी चढविली. त्यांतली काही थेट सोव्हिएत प्रदेशात सापडली आणि हिवाळी पाहुण्यांचे माहेर कळले.

एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. पाणथळीत गुरे चरू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली, संघर्षात गोळीबार होऊन गावकऱ्यांचे बळी गेले. म्हशी गेल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. हा निष्कर्ष निघाला तो सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून. अली १९८७ मध्ये निवर्तले. केवलादेवच्या पाणथळीची माहिती देणाऱ्या तेथील केंद्राला आज त्यांचेच नाव आहे.