हॅरॉल्ड युरी: ज्यांच्या कामामुळे शेकडो वर्षांपूर्वीचा पाऊस ‘वाचता’ येऊ लागला

चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. तो कित्येक वर्षं चालला, असं इतिहास सांगतो. त्या काळी पर्जन्यमापक नव्हते. मग पाऊस खरोखरच कमी झाला होता का, हे आज कसं तपासणार? उत्तर मिळतं ते पाण्यातल्या ऑक्सिजनमधून. या तपासणीचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव हॅरॉल्ड युरी. मान्सून हा त्यांचा विषय नव्हता, हे विशेष.

युरी यांचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, वॉकरटन या छोट्या गावी झाला. ते सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. शाळा संपल्यावर काही वर्षं त्यांनी खेड्यातल्या शाळांत शिकवलं. मग मोंटाना विद्यापीठातून १९१७ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात रसायनांच्या कारखान्यात काम करताना ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १९२३ मध्ये बर्कलीहून डॉक्टरेट मिळवून कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले.

१९३१ च्या अखेरीस त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम शोधला. एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंना समस्थानिक म्हणतात. द्रव हायड्रोजन उकळत ठेवला की हलके अणू आधी उडून जातात आणि जड मागे उरतात, हे त्यांनी या शोधासाठी वापरलं. १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्यांनी दोन्ही सहकाऱ्यांना दिला.

हेच कौशल्य पुढे युद्धाच्या कामी आलं. अणुबॉम्बसाठी युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कामाचे ते प्रमुख होते. या कामाने ते अस्वस्थ झाले. युद्धानंतर अण्वस्त्रांच्या धोक्याविषयी ते जाहीरपणे बोलू लागले आणि अणुऊर्जा लष्कराच्या ताब्यात राहू नये म्हणून धडपडले. संशोधनासाठी मात्र त्यांनी शिकागो विद्यापीठात अगदी वेगळा विषय निवडला.

ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे असतात. साधारण पाचशेत एक अणू १८ वजनाचा असतो. १९४६ मध्ये झुरिकच्या व्याख्यानात युरी यावर बोलले, तेव्हा श्रोत्यांमधल्या एका भूशास्त्रज्ञाने विचारलं की समुद्रातला आणि गोड्या पाण्यातला चुनखडक यावरून ओळखता येईल का. युरींनी परत येऊन गणित मांडलं. शिंपला तयार होताना त्यात किती जड ऑक्सिजन शिरतो, हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं, असं त्यातून निघालं. म्हणजे हातात प्राचीन समुद्राचा थर्मामीटरच आला होता. १९४७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

मोजायचा फरक मात्र अतिसूक्ष्म होता. एक अंश तापमानाला दहा हजारांत सुमारे दोन भाग! त्यासाठी त्यांच्या गटाने नवं उपकरण बनवलं. १९५१ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधल्या ज्युरासिक काळातल्या बेलेम्नाइटचा, म्हणजे माकुळाच्या एका प्राचीन नातेवाइकाचा जीवाश्म थराथराने तपासला. त्या जिवाने पाहिलेले तीन उन्हाळे आणि चार हिवाळे त्यात सापडले.

पुढचा टप्पा पावसाचा. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी १९५२ मध्ये बाटलीत पाऊस गोळा करून त्यातला ऑक्सिजन मोजला. ढगात वाफेचं पाणी होताना जड ऑक्सिजन असलेलं पाणी आधी खाली पडतं. त्यामुळे उरलेली वाफ हलकी होत जाते. उष्ण प्रदेशात जिथे भरपूर पाऊस पडतो, तिथल्या पाण्यात जड ऑक्सिजन सहसा कमी असतो. हा संबंध त्यांनी १९६४ मध्ये सविस्तर मांडला.

पावसाचं पाणी जमिनीत मुरून गुहेत ठिबकतं आणि तिथे चुन्याचे थर साचत जातात. पाण्यातला ऑक्सिजन त्या थरांत अडकतो. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या अशा थरांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. थरांचं वय युरेनियमवरून काढलं होतं. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत मान्सून अनेकदा, काही वेळा सलग अनेक वर्षं, दुबळा होता असं त्यात दिसलं. दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला.

अर्थात ही पद्धत मिलिमीटरमध्ये नेमका पाऊस सांगत नाही. वाफ अरबी समुद्रातून आली की बंगालच्या उपसागरातून, वाटेत ती किती बरसली, यावरही ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. म्हणून एका गुहेवर विसंबून न राहता अनेक नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

युरी ५ जानेवारी १९८१ रोजी कॅलिफोर्नियात वारले. ड्यूटेरियम आणि जीवसृष्टीच्या उगमाविषयीचा मिलर-युरी प्रयोग यांसाठी त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत येतं. पण मान्सून सलग किती वर्षं दगा देऊ शकतो, हा शेतीवर जगणाऱ्या देशासाठी जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. दीडशे-दोनशे वर्षांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी त्याला पुऱ्या पडत नाहीत. त्यामागचा काळ पाहायचा तर वाट युरींच्या त्या गणितावरूनच जाते.