विश्वस्तवृत्तीचे सॉलिसिटर : कै. बाळासाहेब खेर

विश्वस्त हा मालक नसतो; दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेल्या ठेवीचा तो केवळ राखणदार असतो. हे तत्त्व ज्यांनी व्यवसायात आणि सत्तेतही आचरणात आणले, त्या कै. बाळ गंगाधर तथा बाळासाहेब खेर यांचे पुण्यस्मरण आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी करणे उचित ठरेल.

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑगस्ट 1888 रोजी रत्नागिरी येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. संस्कृतचा त्यांचा व्यासंग मोठा होता. पुढे ते सॉलिसिटर झाले आणि 1918 साली, पहिले महायुद्ध ज्या वर्षी संपले त्याच वर्षी, मणिलाल खेर अंबालाल आणि कंपनी या पेढीच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला.

त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत दुहेरी पद्धत होती. न्यायासनासमोर युक्तिवाद बॅरिस्टर किंवा ॲडव्होकेट करीत. पक्षकारांची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि दाव्याचे कागद मात्र सॉलिसिटरच्या हाती असत. या व्यावसायिकांची बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही संस्था 1894 पासूनची. नवोदितास अनुभवी सॉलिसिटरकडे उमेदवारी करून परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागे. अब्रू हेच या व्यवसायाचे खरे भांडवल. राजकीय शिक्षेचीही झळ सनदेला लागू शके. 1922 साली महात्मा गांधींचे नाव लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या पटावरून कमी केले होते. असे असतानाही 1930 व 1932 च्या सत्याग्रहांत बाळासाहेबांनी कारावास स्वीकारला.

1937 साली ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या प्रमुखास तेव्हा हेच पद असे. 1 ऑगस्ट 1939 रोजी त्यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. व्यसनमुक्तीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजास या निर्णयाचे मोल सांगावयास नको.

अवघ्या महिन्याभरात, 3 सप्टेंबर 1939 रोजी, लोकप्रतिनिधींचे मत न विचारताच व्हाइसरॉयनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे घोषित केले. सॉलिसिटर ज्याप्रमाणे पक्षकाराच्या संमतीवाचून त्याच्या वतीने करार करू शकत नाही, त्याचप्रमाणे जनतेच्या संमतीवाचून जनतेस युद्धात ओढण्याचा अधिकार कोणासही नव्हता. काँग्रेसच्या आदेशानुसार नोव्हेंबर 1939 मध्ये बाळासाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हाती घेतलेली कामे अपुरी होती, दारूबंदीला तर जेमतेम तीन महिने झाले होते. तरीही खुर्चीचा मोह त्यांना अडवू शकला नाही. अपरिग्रहाचा हा राजकीय आविष्कारच म्हणावा लागेल.

युद्धकाळात त्यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या सेवेसाठी आदिवासी सेवा मंडळ उभे केले. 1940 मध्ये, आणि पुन्हा 1942 च्या आंदोलनात, ते तुरुंगात गेले. त्यांची सुटका जुलै 1944 मध्ये झाली. 1946 ते 1952 या काळात प्रांताची धुरा पुन्हा त्यांच्याकडे आली. सप्टेंबर 1950 मध्ये आपल्या नाशकात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा मुख्यमंत्री तेच होते.

त्यांच्याच कारकिर्दीत मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण यांची शिस्त त्याने न्यासांना लावली. धर्मकार्यात सरकार हात घालील, या शंकेने जैन बांधव न्यायालयात गेले. 1954 साली रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाची शिस्त ग्राह्य धरली. मात्र धर्मादाय आयुक्तांना धार्मिक संस्थांचेही विश्वस्त नेमता येईल अशी तरतूद घटनाबाह्य ठरविली. ज्यांनी कायदा केला त्यांचा हेतू, आणि ज्यांनी दाद मागितली त्यांची श्रद्धा, या दोहोंचा मान त्या निर्णयाने राखला. आपले धर्मस्वातंत्र्य आणि आपले चोख हिशेब, दोन्ही त्यात आले.

बाळासाहेबांचे निधन 8 मार्च 1957 रोजी झाले. आपल्या न्यासाची वही दरवर्षी लेखापरीक्षकासमोर ठेवताना, आपण मालक नसून राखणदार आहोत, एवढे स्मरण राहिले तरी त्यांना वाहिलेली ती खरी श्रद्धांजली ठरेल. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!