विश्लेषण : अल्झायमर हे नाव कोणाचे? मेंदूतील गुठळ्यांशी तांबे, जस्ताचा संबंध काय?

घरातील एखादी व्यक्ती रोजचा रस्ता, माणसांची नावे विसरू लागली की अल्झायमर या आजाराची शंका येते. हे नाव आले एका जर्मन डॉक्टरवरून.

कोण होते डॉ. अल्झायमर?

आलोइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे सहकारी फ्रान्झ निस्ल यांच्यासोबत ते दिवसा रुग्ण तपासत आणि रात्री सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप पाहत. १९०१ मध्ये पत्नी सेसिली यांचे निधन झाले. पदरी तीन मुले होती. त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

ती रुग्ण कोण होती?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५१ वर्षांच्या ऑगस्टा डेटर रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांना स्वतःचे नाव लिहितानाही मध्येच विसर पडे. पुढे अल्झायमर म्युनिकला गेले, पण ही रुग्ण त्यांनी नजरेआड केली नाही. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला.

चांदीने काय दाखवले?

माक्स बिल्शोव्स्की यांच्या पद्धतीनुसार मेंदूच्या कापांवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली गेली. तेव्हा पेशींमध्ये धाग्यांचे गुंते आणि पेशींबाहेर गुठळ्या दिसल्या. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, पण कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपलिन यांनी पाठ्यपुस्तकात आजाराला त्यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी अल्झायमर यांचे ब्रेस्लाऊ येथे निधन झाले. त्या गुठळ्या कशाच्या, हे त्यांना कळलेच नाही.

मग धातूंचा संबंध कसा?

१९८४ मध्ये अमायलॉइड बीटा हा प्रथिनाचा तुकडा ओळखला गेला. गुठळ्या प्रामुख्याने त्याच्याच असतात. आतले गुंते टाऊ प्रथिनाचे. चेतापेशी संदेश देताना जस्त बाहेर सोडतात. जस्त आणि तांब्याचे आयन या तुकड्यातील हिस्टिडिन या घटकाला चिकटतात. त्यामुळे तुकडे एकमेकांना धरून गोळा होतात. जस्तामुळे हे झपाट्याने घडते, असे १९९४ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. तांबे व लोह यांच्यामुळे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घातक रेणूही तयार होतात. रुग्णांच्या मेंदूतील गुठळ्यांत हे तिन्ही धातू जास्त प्रमाणात आढळले आहेत.

धातू काढले तर आजार बरा होतो?

तसे सिद्ध झालेले नाही. तांबे-जस्ताला बांधणाऱ्या औषधांच्या चाचण्यांतून ठोस फायदा दिसला नाही. लोह कमी करणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधाच्या चाचणीत तर औषध घेणाऱ्यांची आकलनशक्ती अधिक वेगाने घसरली. मेंदूला हे धातू लागतातच. प्रश्न ते चुकीच्या जागी साचण्याचा आहे. ते आजाराचे मूळ आहेत की परिणाम, यावर अजून एकमत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हेही सिद्ध झालेले नाही. त्यामुळे घरातील भांडी बदलण्यापेक्षा विसरभोळेपणा वाढताच डॉक्टरांकडे जाणे महत्त्वाचे. लोह किंवा जस्ताच्या गोळ्या मनाने सुरू वा बंद करू नयेत.