वाल्डेमार हाफकिन : लस देणारा प्रवासी

समजा उद्या आपल्यापैकी कुणाला एखाद्या साखर कारखान्याच्या कामासाठी युगांडाला जायचा चान्स मिळाला. माळेगावच्या मुलांना हे काही अशक्य नाही! पासपोर्ट, व्हिसा, तिकीट तर लागेलच, पण आणखी एक कागद लागेल, तो म्हणजे पीतज्वराची, म्हणजेच यलो फीवरची लस घेतल्याचा दाखला. लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. दाखल्याशिवाय परत आलात तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. कारण हा रोग भारतात नसला तरी तो पसरवणारा डास इथे भरपूर आहे. माणसासोबत रोगही प्रवास करतो. ही गोष्ट मुंबईने १८९६ मध्ये फार मोठी किंमत देऊन शिकली, आणि तेव्हा तिच्या मदतीला आला तोही एक प्रवासीच होता.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू असल्यामुळे त्यांना रशियात प्राध्यापकी मिळाली नाही. ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तर तिथे मिळाली लायब्ररीतली नोकरी. फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी कॉलराची लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. दोन-अडीच वर्षांत ४० हजारांहून जास्त लोकांना त्यांनी लस दिली. पण त्यांना स्वतःला मात्र मलेरियाने गाठलं आणि युरोपला परतावं लागलं. बरे झाल्यावर ते पुन्हा आले.

१८९६ च्या पावसाळ्यात मुंबईत प्लेग पसरला. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि एक व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवत आणि मग उष्णता देऊन मारत. जेमतेम तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण काम थांबलं नाही. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस देऊन, न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लस होती, पण ती सगळीकडे पोचायला वेळ लागणार होता. त्यात अफवा आणि भीती. तेव्हा आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं.

खरं तर बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता नुसता औषधी पाण्यात बुडवून त्यानेच बूच काढलं गेलं. दोष लॅबमध्ये असता तर बाटली उघडताच घाण वास आला असता, तो आला नव्हता. हा पुरावा असूनही निकाल बदलायला १९०७ उजाडलं. मलेरिया डासांमुळे पसरतो हा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतली, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. पूर्वीचं पद काही मिळालं नाही.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.

आपण इंजिनिअर होणार. उद्या आपल्याही कामात कधीतरी चिमटा पडेल. तो पुन्हा नीट निर्जंतुक करायला थोडा वेळ जास्त लागेल, पण तेवढ्यात कुणाचा तरी जीव आणि कुणाची तरी अब्रू वाचेल. आणि काही बिघडलंच, तर लगेच कुणाच्या नावावर खापर फोडण्याआधी पुरावा बघायला हवा. हाफकिन यांची पाच वर्षं वाया गेली ती हे न केल्यामुळेच.